नाव ठेवणारे आणि नावं ठेवणारे

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका अनुस्वाराचा फरक आहे. पहिलं काम बारशाला आत्या करते, दुसरं उरलेले नातेवाईक जन्मभर करत राहतात. विश्वाच्या जन्माच्या बाबतीत मात्र ही दोन्ही कामं एकाच माणसानं केली. २८ मार्च १९४९ च्या संध्याकाळी केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल बीबीसी रेडिओवर बोलत होते. विश्वातलं सगळं द्रव्य फार पूर्वी एका क्षणी, एका दणक्यात जन्माला आलं, ही कल्पना आपल्याला का पटत नाही ते सांगत होते. समोर फळा नाही, आकृती नाही. श्रोत्याच्या कानात बसेल असा शब्द हवा होता. त्यांनी त्या कल्पनेला 'बिग बँग' म्हटलं.

त्या शब्दांत थोडी टवाळी आहे, असं अनेकांना वाटलं. तसा हेतू नव्हता, असं हॉइल पुढे सांगत राहिले. मराठीत येताना मात्र टवाळीचा संशयसुद्धा गळून गेला. 'मोठा धडाम' असं काहीतरी म्हणायच्या जागी आपण 'महास्फोट' हा भारदस्त संस्कृत शब्द घेतला, आणि आता तो शाळेच्या पुस्तकात गंभीर चेहऱ्यानं बसला आहे.

शब्द भारदस्त असला तरी घोटाळा करायचा तो करतोच. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात आठवी-नववीची मुलं हमखास विचारतात, "महास्फोट नक्की कुठं झाला? कुठल्या दिशेला?" प्रश्न अगदी बरोबर आहे, चूक शब्दाची आहे. स्फोट म्हटला की जागा आली, मध्य आला, चहूबाजूंना उडणारे तुकडे आले. सिद्धांत असं काहीच म्हणत नाही. द्रव्य रिकाम्या जागेत उडालं असं नाही, जागाच ताणली जाते आहे, असं तो म्हणतो.

इंग्रजी पुस्तकं इथं बेदाणे घातलेल्या पावाचा दाखला देतात. आपल्याकडे इडलीचं पीठ आहे. समजा पिठात चार मेथीचे दाणे तसेच राहिले. रात्रीतून पीठ फुगून दुप्पट झालं. एका दाण्यापासून एक सेंटिमीटरवर असलेला दाणा आता दोनवर गेला, चार सेंटिमीटरवरचा आठवर. म्हणजे तेवढ्याच वेळात जवळचा एक सेंटिमीटर सरकला, लांबचा चार. जो जितका दूर तो तितका वेगानं दूर जाताना दिसतो, आणि हे कुठल्याही दाण्यावर बसून बघितलं तरी तसंच दिसतं. लेमेत्र यांनी १९२७ मध्ये आणि हबल यांनी १९२९ मध्ये दीर्घिकांबद्दल हाच संबंध मांडला. मध्य शोधायची गरज संपली.

पण हा दाखलाही एका टप्प्यापर्यंतच चालतो. पिठाला पातेलं असतं, पातेल्याला काठ असतो, पीठ वरच्या रिकाम्या हवेत चढतं. विश्वाला पातेलं नाही. खगोलावरचं पुस्तक चांगलं की वाईट हे ठरवायची माझी पहिली कसोटी हीच आहे: दाखला कुठवर चालतो ते लेखक सांगतो का? मागच्या कव्हरवर काय छापलंय, लेखकाला कुठला पुरस्कार मिळालाय, हे सगळं त्यानंतर.

दुसरी कसोटी जरा अवघड आहे, आणि तिच्यासाठी हॉइलकडे परत जायला हवं.

हॉइल, बाँडी आणि गोल्ड या तिघांनी १९४८ मध्ये महास्फोटाला पर्याय मांडला. स्थिरस्थिती सिद्धांत. विश्व प्रसरण पावतं हे त्यांना मान्य होतं. पण दीर्घिका दूर गेल्या की मधल्या मोकळ्या जागेत नवं द्रव्य निर्माण होतं, म्हणून विश्व एकंदरीत कायम सारखंच दिसतं, असं ते म्हणाले. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. ही कल्पना त्यांना 'डेड ऑफ नाइट' हा १९४५ सालचा भुताचा सिनेमा बघून सुचली, असं हॉइल सांगत. त्या सिनेमाचा शेवट पुन्हा सुरुवातीलाच येऊन मिळतो. द्रव्य तरी किती निर्माण व्हायला हवं? एक घनमीटर जागेत अब्ज वर्षांत जेमतेम एखादा हायड्रोजनचा अणू. कुठल्याही प्रयोगशाळेला ते पकडता आलं नसतं, त्यामुळे 'हे अशक्य आहे' असं म्हणायचीही सोय नव्हती.

आज हे वाचताना हसू येतं, पण त्या वेळी महास्फोटाची बाजू खरोखर लंगडी होती. हबलच्या तेव्हाच्या मापांवरून विश्वाचं वय निघत होतं सुमारे २०० कोटी वर्षं, आणि पृथ्वीवरचे खडक किरणोत्सारी घड्याळानं ३०० कोटींच्या वर जात होते. आईपेक्षा मुलगी मोठी! दीर्घिकांची अंतरं मोजण्यातच मोठी चूक होती, हे १९५२ मध्ये वॉल्टर बाड यांनी दाखवलं तेव्हा कुठे हा पेच सैल झाला. आजचा आकडा सुमारे १३८० कोटी वर्षांचा आहे.

पलीकडच्या बाजूला जॉर्ज गॅमॉव होते. जन्म ओडेसाचा, १९३३ मध्ये सोव्हिएत संघातून निसटून अमेरिकेत आलेले. माणूस मोठा मिस्कील. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी राल्फ आल्फर यांनी सुरुवातीच्या तप्त विश्वात मूलद्रव्यं कशी तयार झाली असतील यावर निबंध लिहिला, तेव्हा आल्फर, बेथे, गॅमॉव अशी ग्रीक मुळाक्षरांची रांग लागावी म्हणून गॅमॉवनी त्यात हान्स बेथे यांचं नाव घुसवलं. बेथे यांचा त्या कामाशी संबंध नव्हता. निबंध छापून आला तो १ एप्रिल १९४८ ला. सगळी मूलद्रव्यं बदक आणि बटाटे भाजायला लागतो त्याहून कमी वेळात शिजली, असं गॅमॉव म्हणत.

आता मुद्द्याची गोष्ट. हा वाद शास्त्रज्ञांच्या नियतकालिकांत चालला, तसाच पेपरबॅक पुस्तकांतही चालला. हॉइलची १९५० ची रेडिओ व्याख्यानं इंग्लंडमध्ये प्रचंड गाजली आणि त्यांचं 'द नेचर ऑफ द युनिव्हर्स' हे पुस्तक त्याच वर्षी निघालं. गॅमॉवचं 'द क्रिएशन ऑफ द युनिव्हर्स' १९५२ मध्ये आलं. शीर्षकं शेजारी ठेवून बघा. एकाला विश्वाचं स्वरूप सांगायचं आहे, दुसऱ्यानं शीर्षकातच निर्मिती धरून टाकली आहे. दोघंही जाणकार, दोघंही उत्तम लेखक. ज्या वाचकाच्या हाती यांतलं एकच पुस्तक पडलं, तो आयुष्यभर त्या बाजूचा झाला असणार.

म्हणून दुसरी कसोटी: ज्या पुस्तकात लेखकाची बाजू दिसते ते पुस्तक वाईट नाही. ज्यात ती लपलेली असते त्याच्यापासून सावध राहायचं.

गॅमॉवनी आपली बाजू कधीच लपवली नाही, उलट तिचा तमाशा मांडला. त्यांचा मिस्टर टॉम्पकिन्स हा बँकेतला कारकून. नावाची आद्याक्षरं सी, जी, एच. प्रकाशाचा वेग, गुरुत्वाचा स्थिरांक आणि प्लांकचा स्थिरांक. भौतिकशास्त्रावरच्या व्याख्यानात त्याचा डोळा लागतो आणि तो अशा गावात पोचतो जिथं प्रकाशाचा वेग सायकलच्या वेगाच्या आसपास आहे. रस्त्यावरचा सायकलस्वार त्याला चपटा झालेला दिसतो. स्वतः सायकलवर बसल्यावर गाव चपटं होतं. स्टेशनवर एक म्हातारी चाळिशीतल्या एका गृहस्थाला 'आजोबा' म्हणून हाक मारते, कारण ते गृहस्थ कायम रेल्वेनं फिरतीवर असतात आणि वेगानं फिरणाऱ्याचं वय सावकाश वाढतं. हे एकदा वाचलं की सापेक्षता विसरता येत नाही.

आणि तरी त्या चपट्या सायकलस्वाराच्या चित्रात चूक आहे. जेम्स टेरेल आणि रॉजर पेनरोझ यांनी १९५९ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिलं की लांबी कमी भरली तरी डोळ्याला वस्तू चपटी दिसणार नाही, थोडी वळल्यासारखी दिसेल, कारण वस्तूच्या जवळच्या आणि लांबच्या भागातून निघालेला प्रकाश वेगवेगळ्या वेळी निघून डोळ्यात एकदम शिरतो. मोजणं वेगळं आणि दिसणं वेगळं. गंमत म्हणजे सापेक्षता आली १९०५ मध्ये, आणि हा फरक नीट मांडला जायला पन्नास वर्षांहून जास्त काळ गेला.

टॉम्पकिन्सच्या १९६५ च्या आवृत्तीत एक वैश्विक ऑपेरा आहे. त्यात लेमेत्र गातात, गॅमॉव गातात, आणि मग दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत शून्यातून फ्रेड हॉइल प्रकट होतात आणि तेही गातात. प्रतिस्पर्ध्याची यापेक्षा गोड थट्टा मी वाचलेली नाही. आणखी एका ठिकाणी गॅमॉवनी उत्पत्तीच्या कथेची नक्कल केली. त्यात मूलद्रव्यं घडवताना देव वस्तुमान पाच हा आकडा विसरतो, त्यामुळे पुढची जड मूलद्रव्यं अडून बसतात, मग देव हॉइलना निर्माण करतो आणि म्हणतो, आता तुला जमेल तसं कर. विनोदात पूर्ण सत्य आहे. पाच आणि आठ वस्तुमानाची स्थिर अणुकेंद्रं नाहीत, त्यामुळे गॅमॉवची भट्टी हेलियमच्या जरा पुढं जाऊन थंड पडते. कार्बन, प्राणवायू, लोखंड ही ताऱ्यांच्या पोटात कशी शिजतात ते हॉइल आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये सविस्तर दाखवलं. हलकं काम गॅमॉवच्या विश्वात झालं, जड काम हॉइलच्या ताऱ्यांत.

मूळ वादाचा निकाल मात्र एका बाजूनं लागला. १९६५ मध्ये न्यू जर्सीत पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर येत होती. त्यांनी कबुतरं हाकलली, त्यांची घाण पुसली, खरखर गेली नाही. आकाशाच्या सगळ्या दिशांनी सारखीच येणारी ती प्रारणं होती, केवल शून्याच्या वर साधारण तीन अंश तापमानाची. आल्फर आणि हर्मन यांनी १९४८ मध्येच असा उरलेला शेक असेल असं लिहून ठेवलं होतं, पाच अंशांच्या आसपास. महास्फोटाला मग फारसे विरोधक उरले नाहीत. स्टीव्हन वाइनबर्ग यांचं १९७७ चं 'द फर्स्ट थ्री मिनिट्स' हे जिंकलेल्या बाजूचं पुस्तक आहे. त्यात वाद घालण्याची घाई नाही, हिशोब मांडण्याचा निवांतपणा आहे, आणि अजूनही ते त्या जातीतलं सर्वोत्तम पुस्तक आहे असं माझं मत आहे.

ही सगळी मंडळी लांबची वाटत असतील तर आता कोल्हापूरकडे वळू. जयंत नारळीकर तिथं १९३८ मध्ये जन्मले, बनारसमध्ये वाढले, केंब्रिजला गेले आणि हॉइलचे विद्यार्थी झाले. म्हणजे मराठीतल्या खगोललेखनाचा सर्वांत मोठा लेखक या वादात थेट एका बाजूच्या छावणीत वाढला. १९६४ मध्ये गुरु-शिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. जून महिन्यात रॉयल सोसायटीत हॉइल तो सांगत असताना काठी टेकत बावीस वर्षांचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, यातली एक बेरीज अनंत येते. नारळीकरांच्या कामाची गणितं त्यानं आधीच करून पाहिली होती. तो विद्यार्थी म्हणजे स्टीफन हॉकिंग. त्याला खरं तर हॉइलच मार्गदर्शक हवे होते, ते मिळाले नव्हते.

त्याच हॉकिंगचं 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' १९८८ मध्ये आलं आणि वीस वर्षांत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. प्रत्येक समीकरणागणिक खप निम्मा होईल अशी तंबी त्यांना मिळाली होती, म्हणून पुस्तकात आइन्स्टाइनचं एकच समीकरण आहे. घेतलं सगळ्यांनी, संपवलं थोड्यांनी, हा विनोद आता जुना झाला. मला त्यातली दोन पानं महत्त्वाची वाटतात. पहिलं म्हणजे, विश्व आकुंचन पावू लागलं की काळाची दिशा उलटेल असं आपण आधी मानलं होतं आणि ते चुकलं, हे हॉकिंग सरळ लिहून टाकतात. खप वाढवण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात लेखक अशी कबुली सहसा देत नाही.

दुसरं पान कृष्णविवराच्या प्रारणाचं. कृष्णविवराच्या काठावर कणांची जोडी जन्मते, एक आत पडतो, दुसरा निसटतो, असं चित्र त्यांनी दिलं आणि जगभर तेच पाठ झालं. मूळ निबंधात मात्र त्यांनीच बजावलं होतं की हे चित्र केवळ कल्पना येण्यापुरतं आहे, फार शब्दशः घेऊ नये. ते प्रारण काठाच्या एखाद्या बिंदूतून फुटत नाही, कृष्णविवराच्या आकाराएवढ्या सगळ्या परिसरातून येतं. आणि ते असतं तरी किती? सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं तापमान म्हणजे एका अंशाचे दहा कोटी भाग केले तर त्यातले सहा. आजचं आकाश त्याहून कितीतरी गरम आहे, त्यामुळे असं कृष्णविवर सध्या आटत नाही, वाढतंच आहे. निबंधातली सूचना लोकांसाठीच्या पुस्तकापर्यंत पोचली नाही. सगळं सोपं करताना पहिल्यांदा अशाच सूचना गळतात.

न गाळताही लिहिता येतं, हे रिचर्ड फाइनमन यांनी १९८५ च्या 'क्यूईडी' मध्ये दाखवलं. काचेच्या एका पृष्ठावरून शंभरांतले सरासरी चार फोटॉन परततात. काचेला दोन पृष्ठं असतील तर आठ परतावेत ना? तसं होत नाही. काचेच्या जाडीनुसार शून्यापासून सोळांपर्यंत काहीही होतं. फाइनमन इथं लाटांचा किंवा चेंडूंचा दाखला देत नाहीत. कागदावर छोटे बाण काढायला सांगतात, बाण एकापुढे एक जोडायला सांगतात, आणि उत्तर वाचकाच्या हातून काढून घेतात. निसर्ग असा का वागतो ते मलाही ठाऊक नाही, हेही सांगून टाकतात.

मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'ज्योतिर्विलास' लिहिलं. मुरूडला जन्मलेले हे शिक्षक. पुस्तकाचं उपशीर्षक होतं 'रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं. लेखकानं सांगितलेलं खरं की खोटं, हे त्या पुस्तकाचा वाचक अंगणात जाऊन, मान वर करून तपासू शकत होता. कृत्तिका दिसल्या तर दिसल्या. विश्वाच्या पहिल्या तीन मिनिटांच्या बाबतीत ती सोय नाही, तिथं लेखकावर विश्वास टाकावा लागतो. म्हणून तर लेखकाची बाजू माहीत हवी.

नारळीकरांचा मराठी लेखनाचा आरंभच मुळी स्वतःचं नाव लपवून झाला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. ज. वि. ना. उलटं केलं की ना. वि. ज. होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. पुढे कथा, कादंबऱ्या, 'आकाशाशी जडले नाते', आत्मचरित्र, सगळं स्वतःच्या नावानं आलं. बिजू पटनायक यांच्या देणगीतून युनेस्को देत असलेला कलिंग पुरस्कार गॅमॉवना १९५६ मध्ये, हॉइलना १९६७ मध्ये आणि नारळीकरांना १९९६ मध्ये मिळाला. भांडणातले दोन्ही पक्ष एकाच यादीत आहेत.

महास्फोटाबद्दल नारळीकर २०२५ मध्ये जाईपर्यंत साशंक राहिले, आणि ती शंका त्यांनी कधी झाकली नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञांना त्यांचा पर्याय पटला नाही, आणि पार्श्वभूमी प्रारणांची उपग्रहांनी घेतलेली बारीक मापं महास्फोटाच्याच बाजूनं जातात, हेही इथं लिहायला हवं. तेव्हा घरात फक्त नारळीकर असतील तर शेजारी वाइनबर्ग किंवा हॉकिंग ठेवा. फक्त हॉकिंग असतील तर नारळीकर आणा. एका आठवड्यात दोन्ही बाजू वाचल्या की मेंदूला जो व्यायाम होतो, तो एका बाजूच्या दहा पुस्तकांनी होत नाही.

१९९३ मध्ये 'स्काय अँड टेलिस्कोप' या अमेरिकन मासिकानं 'बिग बँग' हे नाव बदलण्यासाठी स्पर्धा लावली. परीक्षक होते कार्ल सेगन, विज्ञानलेखक टिमोथी फेरिस आणि दूरचित्रवाणीवरचे ह्यू डाऊन्स. ४१ देशांतून १३,०९९ नावं आली. त्याच वर्षी हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी महास्फोटाला नवा पर्याय मांडणारा निबंध छापला. परीक्षकांना १३,०९९ पैकी एकही नाव पसंत पडलं नाही. हॉइलनी ठेवलेलंच कायम राहिलं.